पिशवी नसलेली बाई

मंजुळा खोटं बोलली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागून कुणी म्हणायला नको की बाईची कड घेतली अन् आमच्यापासून लपवून ठेवलं. खोटं एवढंच होतं, की माझी पिशवी काढलीय.

आष्टीकडच्या त्या कोरडवाहू पट्ट्यात पिशवी म्हणलं की बाजारहाटाची पिशवी कुणाच्या डोक्यात येत नाही. पिशवी म्हणजे बाईची गर्भाची पिशवी. दसरा झाला की अर्धं गाव ट्रॅक्टर, बैलगाडी, जे मिळेल त्यात बसून ऊस तोडायला बाहेर पडतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाईला पाळी आली, दिवस गेले, अंगावरनं जायला लागलं, की तो कोयता अर्धा, अन् टोळी नेणाऱ्या मुकादमाला अर्धा कोयता चालत नाही. मग कुणीतरी तालुक्याच्या एखाद्या दवाखान्याचा रस्ता दाखवतं. तिथला डॉक्टर पोटावर हात फिरवल्यासारखं करतो अन् सांगतो, बाई, सूज आहे, ठेवलीस तर कॅन्सर होईल. पंचविशीतल्या पोरी काढून येतात. मंजुळाच्या जावेची झाली, नणंदेची झाली, सासूची तर कधीचीच. हापशावर भेटल्या की बाया एकमेकींना विचारायच्या, "तुझं झालं का गं?" जसं काय पेरणी झाली का विचारावं.

मंजुळाचं झालं नव्हतं. तिला लेकरू पाहिजे होतं. दोनदा राहिलं अन् दोनदा फडातच गेलं, डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढताना. सासूपुढं ती हात जोडायची, "आत्याबाई, एक लेकरू होऊ द्या मला. मग काय काढायचं ते काढा." सासू बिचारी गप बसायची. मुकादम भागवत कशाला गप बसतोय! त्यानं तिच्या नवऱ्याला, आदिनाथला, सगळ्यांदेखत सुनावलं, "बायकूची काढून आण बे, न्हाईतर दुसरी टोळी बघ."

त्याच उन्हाळ्यात मंजुळाचं अपेंडिक्स फुटलं. सरकारी दवाखान्यात बेंबीखाली उभी चीर दिली, टाके घातले, अन् तिथं खाटेवर पडल्या पडल्या बाईला युक्ती सुचली. वस्तीवर आली ती पोट धरूनच. "काढली बाई," म्हणाली. सासूला खरं वाटलं, जावेला खरं वाटलं. दसऱ्याला भागवतनं आदिनाथच्या पाठीवर थाप मारली. खरं काय ते फक्त नवरा-बायकोला ठाऊक. "कुनी बी इचारलं तर एकच बोलायचं," असं तिनं आदिनाथला शाळेतल्या पोरासारखं पढवलं होतं, "काढलीय, चार टाके हायेत, डॉक्टर म्हनला आता कायम बरी." पुढं तीन हंगाम ती पिशवी नसलेली बाई म्हणून राबली. पाळी आली तर दुहेरी फडकं खोचून वाकायची, अन् कुणाच्या नजरेस पडायला नको म्हणून ती फडकी पाचटाखाली पुरून टाकायची. स्वतःच्याच अंगातली वस्तू तिनं मुकादमाच्या नाकाखाली चोरून सांभाळली.

तिसऱ्या हंगामात, पौषात, टोळी चकलांब्याच्या शिवारात होती. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, अंगावर येणारा. मंजुळाला दिवस गेले होते. आदिनाथला सांगितलं तर गडी एवढा हरखला की पाचटाच्या कोपीत बसून एकटाच हसत राहिला. "हंगाम कसातरी ढकलू," म्हणाला, "मग घरी गेल्यावर सगळ्यास्नी सांगू." पण ओकाऱ्या काही हंगाम बघून येत नाहीत. एक दिवस सकाळी कोयता घेऊन कामाला निघालेली ती कोपीमागंच ओकत बसली अन् नेमकं हनुमाननं बघितलं. हा भागवतचा धाकटा भाऊ. टोळीवर नजर ठेवायचं काम त्याच्याकडं.

"पिशवी न्हाई तर उलट्या कशाच्या गं? नाटकं करती का?" म्हणत त्यानं तिचे केस धरले अन् फडाकडं फरफटत ओढलं. पोट जमिनीला घासायला लागलं तसं मंजुळाचं भान सुटलं. हातात कोयता होताच. हनुमानची दोन बोटं पाचटात पडली.

आता बायकांनी कोयत्यानं ऊस तोडावा, माणसाची बोटं तोडू नयेत, हे कायद्याला बरोबर कळतं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं. पोलिसांनी तिला तपासणीला दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरनं मान खाली ठेवूनच विचारलं, "पाळी? दिवस वगैरे गेलेत का?" मंजुळानं तोंड उघडलं अन् तिची नजर दाराकडं गेली. दारात भागवत उभा. त्याच्या मागं आदिनाथ, मान खाली घालून. खरं बोलावं तर आत्ताच्या आत्ता भागवत आदिनाथला बाहेर नेऊन तुडवेल, ह्यापलीकडं तिच्या डोक्यात काही आलंच नाही. तीन वर्षांची जिभेला सवय.

"पिशवी काढलीय, सायेब."

डॉक्टरनं बेंबीखालची चीर बघितली, मान हलवली अन् लिहून टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तेच झालं. पण त्या घडीला दुसरी कुणी असती तरी हेच बोलली असती, हेही खरं.

जेलात आल्यावर पहिले काही आठवडे मंजुळाला बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. मोळी उचलायची नाही, पहाटं उठून बर्फासारख्या उसाला हात लावायचा नाही, दोन टाइम जसं असेल तसं जेवण. बराकीच्या कोपऱ्यात सतरंजीवर पडून ती पोटावर हात ठेवायची अन् मनात म्हणायची, हितं राहशील बाबा तू. हितं तुला कुनी हिसके द्यायचं न्हाई.

ओकाऱ्या थांबल्या, पोट वर आलं. आता सांगायला पाहिजे होतं, म्हणजे दूध मिळेल, दवाखान्यात नेतील, तारखेला कोर्टातही कुणीतरी बोलेल. आठवड्यातून एकदा जेलचा डॉक्टर यायचा. टेबलाच्या पलीकडं खुर्ची, अलीकडं बाया रांगेनं उभ्या. हात लावायची वेळ त्याच्यावर क्वचितच यायची.

"सायेब, मला दिवस गेलेत," मंजुळा म्हणाली.

त्यानं कागद चाळले. "गर्भाशय काढलेलं आहे तुझं. तूच सांगितलंयस."

"खोटं सांगितलं होतं, सायेब. मुकादम उभा होता म्हनून."

"तेव्हा खोटं बोललीस तर आता खरं बोलतेस कशावरून?" डॉक्टर पहिल्यांदा वर बघून हसला. "जामिनाची घाई झाली की जेलात सगळ्या बायांना दिवस जातात. ही चीर कशाची मग?"

"अपेंडिक्सची."

"हो का. वारा धरलाय पोटात. गोळ्या घे."

"मोठ्या दवाखान्यात न्या की एकदा. मशीनवर बघा."

"गार्ड मिळाला की पाठवू," तो म्हणाला अन् पुढचीला हाक मारली. गार्ड म्हणजे कैद्याला बाहेर न्यायला लागणारी पोलिसांची पार्टी. ती बंदोबस्ताला जायची, सभेला जायची, मंत्र्याच्या गाडीमागं जायची, मंजुळासाठी मात्र काही मोकळी व्हायची नाही.

बराकीत तिच्या शेजारी छबुबाई झोपायची. म्हातारी हातभट्टी विकल्याच्या गुन्ह्यात कितव्यांदा तरी आत आली होती अन् तोंडाची भारी फाटकी. सुरुवातीला तीही मंजुळावर हसायची. "अगं भवाने, पिशवी न्हाई अन् लेकरू ऱ्हातंय व्हय कुठं? तुझ्या पोटात डाळीचं पानी हाय नुसतं!" मग एकदा दुपारी दोघी पाठीला पाठ लावून पडल्या होत्या. मंजुळा कुशीवर वळली, तिचं पोट म्हातारीच्या कमरेला टेकलं, अन् छबुबाई ताडकन उठून बसली.

"काय लाथ मारली गं बया!" म्हणाली. मग तिनं दोन्ही हात मंजुळाच्या पोटावर ठेवले अन् किती वेळ ठेवूनच बसली. तिच्या तोंडून त्या दुपारी एक शिवी निघाली नाही. मंजुळा रडायला लागली. कुणीतरी आपलं खरं मानलं, ह्याचंच तिला रडू आलं.

छबुबाईनं मग बराकीवरच्या शिपाई बाईला गाठलं. वर्षाराणी तिचं नाव, तिशीच्या आतली. आष्टीजवळच्या कडा गावाकडची. तिचेही आईबाप ऊसतोडीचेच. ते हंगामाला गेले की ही आजीजवळ राहायची, शिकली, पळायची प्रॅक्टिस केली अन् भरतीत लागली. ऊसतोडीच्या बायांचं सगळं मला माहीत आहे, असं ती म्हणायची, अन् तिला खरंच बरंच माहीत होतं. घोटाळा तिथंच होता.

"मावशे, माझ्या आईची पिशवी मी आठवीत असताना काढली," ती छबुबाईला म्हणाली. "तिलाही अशीच पोटात हालचाल वाटायची. वर्षभर म्हणत होती, काहीतरी फिरतंय. काही नसतं. मन मानत नाही बाईचं."

"मॅडम, हात तर लावून बघा!"

वर्षाराणीनं गजातून हात घातला. मंजुळा पुढं सरकली. नेमकं त्या वेळी पोटातलं गप झोपलेलं. तरी वर्षाराणीचा हात जरा जास्तच वेळ पोटावर राहिला, अन् तिच्या कपाळाला आठी पडली.

"मेडिकलमधून पट्टी आणता येते, लघवी तपासायची," ती हळूच बोलली. "पण मी तसं काही आत आणलं तर माझी नोकरी जाईल. असं करू. आधी तुझ्या नवऱ्याला फोन लावू. तो म्हणाला काढलेली नाही, तर मी थेट जेलर साहेबांकडं जाते. मग पट्टी कशाला, तुला दवाखान्यातच नेतील. शब्द आहे माझा."

मंजुळाला तर आभाळ ठेंगणं झालं. तिनं त्या दिवशी केस विंचरले. छबुबाईनं तिची चेष्टा केली, "फोनात दिसत्यात व्हय केस? नवरीवानी नटलीया!" अन् मंजुळा किती दिवसांनी खळखळून हसली. आदिनाथला सगळं ठाऊक होतं. तो बोलला की झालं.

ऑफिसातल्या फोनचा आवाज वर्षाराणीनं मोठा केला. पलीकडं ट्रॅक्टर धडधडत होता. फाल्गुन चालू होता, हंगाम संपायला आलेला.

"हालू, कोन?" आदिनाथचा आवाज.

"जेलमधून बोलते. मंजुळा इथंच आहे."

"मंजे?" आवाज बदलला. "बरी हायेस का गं?"

मंजुळानं तोंड उघडायच्या आत पलीकडून दुसरा आवाज आला, जवळचाच, जाड. "कोन हाय बे?"

"जेलातनं हाय, नाना."

"काय म्हनत्यात? आवाज मोठा कर."

वर्षाराणीला काय माहीत नाना म्हणजे भागवत! तिनं सरळ विचारलं, "एकच विचारायचंय. तुमच्या बायकोची पिशवी काढलेली आहे का नाही?"

ट्रॅक्टर बंद झाला. तो बंद झाला नसता तर बरं झालं असतं, कारण मग शांततेत भागवतचा श्वाससुद्धा ऐकू यायला लागला. मंजुळा फोनवर वाकली अन् ओरडली, "अवो, खरं सांगा! आता खरं सांगायचं! मी म्हनते म्हनून सांगा!"

"सांग की," भागवत म्हणाला. "काढलीय म्हनून सांग. समद्या टोळीला ठावं हाय."

आदिनाथ एका दमात बोलला, "काढलीय. चार टाके हायेत. डॉक्टर म्हनला आता कायम बरी."

शब्द न् शब्द तोच. तिनंच पढवलेला.

फोन कट झाला. वर्षाराणीनं मंजुळाकडं बघितलं, अन् त्या बघण्यात राग होता, कारण ती जवळपास फसली होती. "माझी नोकरी घालवली असतीस गं बाई," एवढंच म्हणाली.

बराकीत येऊन मंजुळा भिंतीकडं तोंड करून पडली. छबुबाईनं डोक्यावरनं हात फिरवला. "त्येला कावून दोष देती? मुकादम शेजारी हाय त्येच्या. तू पोटुशी निघालीस तर मंग त्या हनुमानानं पोटुशी बाई फरफटवली असं व्हईल. केस उलटी त्येच्याच गळ्यात. भागवत तसं व्हऊ दील व्हय? अन् तुझा गडी त्येच्याच टोळीत, त्येच्याच कोपीत."

"मला सगळं कळतंय, मावशी," मंजुळा म्हणाली. "म्हनूनच त्येला शिवी देता येईना."

त्या फोननंतर दारं बंद झाली ती झालीच. नवऱ्यानं सांगितल्यावर कोण ऐकतंय? पोट वाढत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं, पण आता त्याला नाव मिळालं होतं. गाठ. डॉक्टरनं दुरूनच बघून सांगितलं, पोटात गाठ आहे, वाढतेय, गार्ड मिळाला की ऑपरेशनला पाठवू, तोवर ह्या गोळ्या. मंजुळानं हात पुढं केलाच नाही. कसल्या गोळ्या, पोटातल्याला काय करतील, तिला काय माहीत! दिल्या तर ती जिभेखाली धरायची अन् मोरीत थुंकायची. एकदा सापडली. मग औषधाच्या वेळेला वर्षाराणी समोर उभी राहायला लागली.

"तोंड उघड. जीभ वर कर."

"मॅडम, पाया पडते. लेकराला बाधंल."

"तुझ्याच भल्याचं आहे. गाठ फुटली तर मरशील इथंच, अन् जबाब मला द्यावा लागेल."

त्यानंतर गोळ्या कुटून पाण्यात कालवून द्यायला लागले. दोघी जणी हात धरायच्या, नाक दाबलं की तोंड उघडतंच. वर्षाराणी दुष्ट नव्हती हो. औषध पाजून झाल्यावर ती मंजुळाचं तोंड आपल्या रुमालानं पुसायची. आईलाही असंच धरून औषध पाजावं लागायचं, असं एकदा म्हणालीसुद्धा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, अन् वर माया. मंजुळाला त्या मायेची जास्त भीती वाटायची.

चैत्रात हंगाम संपला, टोळ्या गावी आल्या. दर भेटीच्या दिवशी मंजुळा दाराकडं डोळे लावून बसायची. आदिनाथ आला नाही. येणार कसा? तिच्यासमोर उभं राहायला तोंड पाहिजे.

ज्येष्ठात एका दुपारी, बराक बंद असताना, तिच्या कमरेतनं कळ निघाली. सातवा सरत आलेला. फडात दोनदा सोसलेली कळ ती, तिनं लगेच ओळखली. "मावशी," ती छबुबाईला म्हणाली, "आत्ता नको. आत्ता लई लवकर हाय." छबुबाईनं गजाला थाळी बडवली. वर्षाराणी आली. गाठ दुखतेय म्हणून तिनं डॉक्टरला फोन लावला, त्यानं फोनवर इंजेक्शन सांगितलं, जेलातल्या दवाखान्याच्या खोलीतल्या माणसानं येऊन ते दंडात टोचलं. मंजुळाची जीभ जड झाली, डोळे झाकायला लागले, कळा मात्र थांबल्या नाहीत. म्हातारी थाळी बडवतच होती. शिव्या तर अशा देत होती की पुरुषांच्या बराकीत ऐकू जाव्यात.

मग मंजुळाच्या लुगड्याखालून पाणी आलं. सतरंजी भिजली, फरशीवर पसरलं, गजाबाहेर वर्षाराणीच्या बुटापर्यंत आलं. वर्षाराणी त्या पाण्याकडं बघत राहिली. ऊसतोडीच्या घरात वाढलेली ती, हे पाणी कशाचं हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"अगं आई गं," ती म्हणाली. "अगं आई गं, खरंच होतं की."

आता धावपळ झाली. चार महिने न मिळालेला गार्ड अर्ध्या तासात मिळाला. मोठ्या दवाखान्यात खाटेवर घेतलं, अन् कैदी पळून जाऊ नये म्हणून तिचा डावा पाय साखळीनं खाटेला बांधला. त्या अवस्थेत बाई पळणार होती म्हणे! नर्स म्हणाली, "अहो, पाय तर मोकळा करा." हवालदार म्हणाला, "नियम आहे." एक पाय बांधलेला, एक मोकळा, अशी ती बाळंत झाली.

पोरगी झाली. मांजराच्या पिलाएवढा आवाज तिनं केला, एकदाच. मंजुळानं तो ऐकला. गुंगीत होती, तरी ऐकला, ह्याबद्दल तिच्याशी कुणी वाद घालू नये. पोरीला पलीकडं नेलं. काचेच्या पेटीत जागा नव्हती का पेटी बंद होती, कायतरी बोलणं चाललं होतं. मग बोलणं थांबलं.

"बघू द्या," मंजुळा म्हणाली.

"बघून काय करतेस बाई आता," नर्स म्हणाली. पण तिला राहवलं नाही. तिनं फडक्याचं टोक उचललं अन् मंजुळाला दोन पाय दिसले. नखं होती. अंगठ्यांना सुद्धा होती. तेवढंच दिसलं, फडकं परत पडलं, अन् पोरीला कुठं नेलं ते तिला तेव्हाही कुणी सांगितलं नाही अन् नंतरही नाही.

रक्त थांबेना. मोठा डॉक्टर आला, रागावलेला. "हिच्या घरचं कोण आहे? पिशवी काढावी लागेल."

"न्हाई," मंजुळा म्हणाली. तिला वाटलं ती ओरडली. ओठ नुसते हलले असतील. "पिशवी न्हाई काढायची. सायेब, मी सांभाळलीय ती. पिशवी न्हाई."

हवालदार फोन घेऊन बाहेर गेला. थोड्या वेळानं आला. "नवरा हो म्हणतोय," म्हणाला.

जाग आली तेव्हा पायाला साखळी होती अन् पोटाला पट्टी. दुसऱ्या पाळीची नर्स सलाइन बदलत होती. तिला आधीचं काही ठाऊक नव्हतं, स्वभावानं चांगली होती. "जगलीस बघ," म्हणाली. "अन् पाळीची कटकटही गेली कायमची. सुटलीस." आष्टीकडं दवाखान्यातून घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला हेच सांगतात. मंजुळानं ते जावेच्या वेळी ऐकलं होतं, नणंदेच्या वेळी ऐकलं होतं.

पट्टी सुटल्यावर तिनं पोट बघितलं. डॉक्टरनं जुन्या चिरेवरनंच चीर दिली होती. त्याच जागी, बेंबीखाली, उभी. बघणाऱ्याला काही वेगळं दिसलं नसतं.

बराकीत परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी छातीला दूध आलं. झंपर भिजला. छबुबाईनं आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली अन् तिची छाती करकचून बांधली. बांधताना म्हातारी पोरीसारखी रडत होती, अन् मंजुळा तिलाच समजावत होती, "ऱ्हाऊ द्या मावशी. आटंल."

वर्षाराणी संध्याकाळी गजापाशी आली. डब्यात डिंकाचे लाडू होते, घरून करून आणलेले, बाळंतिणीला देतात तसले. नियम मोडून आणले होते. आता मोडला तिनं नियम. "मी लिहून देते वर," ती म्हणाली. "सगळं लिहून देते. माझं चुकलं, तेही लिहिते." मंजुळानं डबा घेतला नाही, ढकललाही नाही. दोन दिवसांनी वर्षाराणीची ड्यूटी गेटवर लागली. तिनं लिहून दिलं होतं का नव्हतं, दिलं असेल तर कुणी फाडलं, ते बराकीपर्यंत काही आलं नाही. लाडू छबुबाईनं चार बायांत वाटून टाकले.

मग डॉक्टरचा दिवस आला. मोठ्या दवाखान्यातून आलेल्या कैद्याची नव्यानं तपासणी करायची असते. टेबलाच्या पलीकडं तीच खुर्ची, पण डॉक्टर दुसरा होता, तरणा, नुकताच बदलून आलेला. त्याला मंजुळाचं काहीच माहीत नव्हतं. दारात पहाऱ्याला त्या दिवसापुरती नेमकी वर्षाराणीच उभी होती. बायांची रांग पुढं सरकली.

"नाव?"

"मंजुळा आदिनाथ."

"पाळी नियमित येते? दिवस वगैरे?"

मंजुळा दाराकडं बघायला लागली. भागवत नव्हता तिथं. आदिनाथ नव्हता. कुणाला भ्यायचं काही कारणच उरलं नव्हतं, आता पाहिजे तेवढं खरं बोलता येत होतं. वर्षाराणीनं मान भिंतीकडं वळवली.

"पिशवी काढलीय, सायेब," मंजुळा म्हणाली.

डॉक्टरनं तिला चीर दाखवायला सांगितली, बघितली, मग हातातला जुना कागद बघितला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "आधीपासून हेच लिहिलंय. पुढची पाठवा."